आयनावरचा प्रभार आणि ऑक्सिडीकरण संख्या: २+ आणि +२ यांत फरक काय?

निळी_ज्योत

प्रभार, संयुजा आणि ऑक्सिडीकरण संख्या या तीन गोष्टी सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. सोडियम क्लोराइड, कॅल्शियम ऑक्साइड अशा संयुगांत तिन्हींचा आकडा सारखाच येतो, त्यामुळे गल्लत उघडी पडत नाही. परमँगनेट, पेरॉक्साइड किंवा मर्क्युरस क्लोराइड समोर आलं की पडते. म्हणून हा धागा. वर-खालचे अंक इथे नीट उमटत नाहीत, तेव्हा मी सूत्रांऐवजी नावं आणि अणूंची संख्या लिहिते. प्रतिसादातही तसंच केलंत तर बरं. ऑक्सिडीकरण संख्येला पुढे ऑ.सं. म्हणते.

प्रभार ही मोजता येणारी राशी आहे: आयनातले एकूण प्रोटॉन वजा एकूण इलेक्ट्रॉन. तो अख्ख्या आयनाचा असतो. सल्फेटवरचा २− हा त्यातल्या सल्फरचाही नाही आणि कुठल्या एका ऑक्सिजनचाही नाही. विद्युत अपघटनात प्रभार थेट दिसतो. १ मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम. कॉपर आयन २+ असल्याने ६३.५ ग्रॅम तांबं जमायला याच्या दुप्पट प्रभार लागतो, तर सिल्व्हर आयन १+ असल्याने १०७.९ ग्रॅम चांदीला एकपट पुरतो. २ अँपिअर प्रवाहावर १ ग्रॅम तांब्याला सुमारे २५ मिनिटं लागतात, १ ग्रॅम चांदीला साडेसात.

संयुजा म्हणजे अणू किती बंध करतो तो आकडा. तिला चिन्ह नसतं. मिथेनमध्येही कार्बनची संयुजा ४ आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही ४.

ऑ.सं. हा हिशेबाचा आकडा आहे. प्रत्येक बंधातले इलेक्ट्रॉन अधिक विद्युतऋण (इलेक्ट्रॉन जास्त जोराने ओढणाऱ्या) अणूला पूर्णपणे देऊन टाकायचे, दोन सारखेच अणू एकमेकांशी बांधलेले असतील तर निम्मे-निम्मे वाटायचे, आणि मग प्रत्येक अणूवर किती प्रभार उरला असता ते लिहायचं. आययूपॅकची (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) २०१६ सालची व्याख्याही मूलतः हेच सांगते. त्या हिशेबाने मिथेनमधला कार्बन −४ आणि कार्बन डायऑक्साइडमधला +४. संयुजा तीच, पण ऑ.सं. दोन टोकांना.

परमँगनेटमधल्या मँगनीजची ऑ.सं. +७ आहे. याचा अर्थ तिथे ७+ प्रभाराचा मँगनीज आयन बसलाय असा नाही. एकट्या मँगनीज अणूचे सात इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ३९५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, नेहमीच्या रासायनिक अभिक्रियेच्या आवाक्यात ती नाही. तिथले बंध बऱ्याच अंशी सहसंयुज आहेत आणि मँगनीजवरचा खरा प्रभार ७+ पेक्षा खूप कमी आहे.

लिहिण्याची रीतही यामुळेच वेगळी. प्रभारात आकडा आधी, चिन्ह नंतर: २+, ३−. ऑ.सं.मध्ये चिन्ह आधी: +२, −३. ही सवय लागली की आपण कशाबद्दल बोलतोय ते लिहितानाच स्पष्ट राहतं.


काठावरचा_प्रश्न

नियम पाठ आहेत, अडचण अपवादांची होते. ऑक्सिजन −२, पण पेरॉक्साइडमध्ये −१, सुपरऑक्साइडमध्ये −१/२, फ्लोरिनसोबत +२. हायड्रोजन +१, पण धातूसोबत −१. एवढे अपवाद लक्षात ठेवण्यापेक्षा दुसरा काही मार्ग आहे का?


अनुमापक

आहे. नियम यादीसारखे पाठ करू नका, अग्रक्रमाने लावा. वरचा नियम आणि खालचा नियम भांडले तर वरचा जिंकतो. क्रम असा:

१. सुट्या मूलद्रव्यात ऑ.सं. ०. एका अणूच्या आयनात ती त्याच्या प्रभाराइतकी.
२. सगळ्या अणूंच्या ऑ.सं.ची बेरीज रेणूत ०, आयनात आयनाच्या प्रभाराइतकी.
३. संयुगात फ्लोरिन −१.
४. आवर्त सारणीतले गण १ चे धातू +१, गण २ चे +२, ॲल्युमिनियम +३.
५. हायड्रोजन +१.
६. ऑक्सिजन −२.
७. क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन −१.

आता तुमचे अपवाद घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड: दोन हायड्रोजन नियम ५ ने +१, बेरीज ० हवी, म्हणून प्रत्येक ऑक्सिजन −१. पोटॅशियम सुपरऑक्साइड (१ पोटॅशियम, २ ऑक्सिजन): पोटॅशियम +१, म्हणून ऑक्सिजन −१/२. ऑक्सिजन डायफ्लोराइड: दोन फ्लोरिन मिळून −२, म्हणून ऑक्सिजन +२. सोडियम हायड्राइड: सोडियम +१, म्हणून हायड्रोजन −१. लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड: +१ आणि +३, चार हायड्रोजन मिळून −४, प्रत्येकी −१. क्लोरिन डायऑक्साइड: ऑक्सिजन नियम ७ च्या वर आहे, म्हणून क्लोरिन +४. कॅल्शियम कार्बाइड (१ कॅल्शियम, २ कार्बन): कार्बन −१.

यातलं काहीही वेगळं पाठ करावं लागलं नाही. नियम २ मात्र कधीच मोडत नाही. नियम १ आणि ३ ही तसेच; बाकीचे मोडू शकतात.


बंधकोन

अनुमापक यांचा क्रम उत्तम आहे, पण तो जिथे फसतो ती ठिकाणंही सांगायला हवीत. क्रोमियम पेंटॉक्साइड घ्या: १ क्रोमियम, ५ ऑक्सिजन. नियम ६ लावला की क्रोमियम +१०. क्रोमियमकडे संयुजा इलेक्ट्रॉनच (बंधांत भाग घेऊ शकणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन) सहा आहेत, दहा आणणार कुठून? या रेणूत एक ऑक्सिजन नेहमीचा (−२) आहे आणि उरलेले चार दोन पेरॉक्साइड जोड्यांत (प्रत्येकी −१). एकूण −६, म्हणून क्रोमियम +६.

पेरॉक्सोडायसल्फेट आयन (२ सल्फर, ८ ऑक्सिजन, प्रभार २−) तसाच. नियमाने सल्फर +७ येतो. तिथेही एक ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध आहे, खरा आकडा +६.

म्हणून प्रत्येक उत्तराला एक छत-तपासणी लावा. ऑ.सं. संयुजा इलेक्ट्रॉनांच्या संख्येपेक्षा वर जात नाही: कार्बन +४, नायट्रोजन व फॉस्फरस +५, सल्फर व क्रोमियम +६, क्लोरिन व मँगनीज +७. अधातूंसाठी तळही आहे, छतातून ८ वजा करा: कार्बन −४, नायट्रोजन −३, सल्फर −२, क्लोरिन −१. उत्तर या पट्ट्याच्या बाहेर गेलं तर दोनच शक्यता. एक तर गणित चुकलंय, नाहीतर रेणूत सारख्याच अणूंचा बंध लपलाय.


दोन_क्षार

छत-तपासणी आणखी एका चुकीवर चालते. आयनाची बेरीज प्रभाराऐवजी शून्य धरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. नायट्रेटमध्ये "क्ष − ६ = ०" मांडलं की नायट्रोजन +६, छत ५, चूक पकडली. सल्फेटमध्ये +८ येतं, परमँगनेटमध्ये +८, कार्बोनेटमध्ये +६. सगळे छतावर आपटतात.

पण सल्फाइट (१ सल्फर, ३ ऑक्सिजन, २−) आणि नायट्राइट (१ नायट्रोजन, २ ऑक्सिजन, १−) इथे ती गप्प बसते. सल्फाइटमध्ये चुकून +६ आलं तरी छताच्या आत आहे, बरोबर उत्तर मात्र +४. नायट्राइटमध्ये चुकीचं +४, बरोबर +३. म्हणून उजव्या बाजूला प्रभार आधी लिहायचा आणि मगच डावी बाजू मांडायची.

अमोनियममध्ये चिन्हाची चूक होते: क्ष + ४ = +१, म्हणून क्ष = −३. आणि डायक्रोमेटमध्ये २क्ष − १४ = −२, २क्ष = १२ इथे काहीजण थांबतात. ऑ.सं. प्रत्येक अणूची असते, दोनने भागायला हवं: +६.


काठावरचा_प्रश्न

बेरियम पेरॉक्साइड आणि मँगनीज डायऑक्साइड, दोन्हींत १ धातू आणि २ ऑक्सिजन. पहिल्यात ऑक्सिजन −१ आणि दुसऱ्यात −२ हे नुसतं सूत्र बघून कसं ओळखायचं?


अनुमापक

बेरियम गण २ चा, त्याला +४ शक्यच नाही, म्हणून क्रमाच्या नियम ४ नेच ऑक्सिजन −१ ठरतो. मँगनीजला नियम ४ चं बंधन नाही, त्यामुळे नियम ६ लागतो आणि मँगनीज +४.

प्रयोगानेही फरक कळतो. बेरियम पेरॉक्साइडवर थंड, विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि बेरियम सल्फेटचा पांढरा अवक्षेप खाली बसतो. मँगनीज डायऑक्साइड किंवा लेड डायऑक्साइड असं हायड्रोजन पेरॉक्साइड देत नाहीत, कारण त्यांत ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध नाही.

पायराइटमध्येही हाच सापळा. १ लोह, २ सल्फर बघून लोह +४ लिहिलं जातं. तिथे दोन सल्फरची जोडी मिळून एक २− आयन आहे. लोह +२, सल्फर −१.


निळी_ज्योत

छान चाललंय. आता प्रभार आणि ऑ.सं. कधी बरोबर बदलतात आणि कधी नाही, हे एकत्र ठेवते. माझ्या मते हीच उदाहरणं आधी दाखवायला हवीत, नियम नंतर.

परमँगनेट आणि मँगनेट: दोन्हींत १ मँगनीज, ४ ऑक्सिजन. पहिल्याचा प्रभार १−, जांभळा. दुसऱ्याचा २−, हिरवा. अणू तेच, एक इलेक्ट्रॉन वाढला, मँगनीज +७ वरून +६. इथे प्रभार आणि ऑ.सं. दोन्ही एकाने हलले.

सल्फाइट आणि सल्फेट: प्रभार दोन्हींचा २−. ऑ.सं. मात्र +४ आणि +६. दोन इलेक्ट्रॉन गेले, पण सोबत −२ चा एक ऑक्सिजन आला, म्हणून प्रभार जागेवर राहिला. प्रभार बदलला नाही म्हणजे ऑक्सिडीकरण झालं नाही, हा समज इथे मोडतो.

फॉस्फेट (३−), हायड्रोजन फॉस्फेट (२−), डायहायड्रोजन फॉस्फेट (१−): प्रभार तीन वेगळे, फॉस्फरस तिन्हींत +५. इथे फक्त हायड्रोजन आयन ये-जा करतात. ही आम्ल-आम्लारी अभिक्रिया, रेडॉक्स (इलेक्ट्रॉनांची देवघेव होणारी) नाही.

मर्क्युरस आयन: दोन पाऱ्याचे अणू एकमेकांना बांधलेले, आयनाचा प्रभार २+, प्रत्येक पाऱ्याची ऑ.सं. +१. पेरॉक्साइड आयनात तसंच: प्रभार २−, ऑ.सं. −१. नावातला कंसातला रोमन अंक (आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवलेली पद्धत) ऑ.सं. सांगतो, आयनाचा प्रभार नव्हे. म्हणून मर्क्युरस क्लोराइडच्या नावात पाऱ्यापुढे कंसात एक येतो, दोन नाही.


दोन_क्षार

मर्क्युरसवरून सूत्र लिहिण्याकडे येतो. प्रभारांची अदलाबदल करून सूत्र लिहायची तिरकी पद्धत सगळ्यांना येते: ॲल्युमिनियम ३+, ऑक्साइड २−, म्हणून २ ॲल्युमिनियम आणि ३ ऑक्सिजन. तीन ठिकाणी ती घात करते.

पहिलं, ती प्रभारांवर चालते, आतल्या अणूच्या ऑ.सं.वर नाही. कॅल्शियम नायट्रेटसाठी कुणी नायट्रोजनची +५ घेऊन बसलं तर सूत्र पार बिघडतं. नायट्रेटचा १− घ्यायचा: १ कॅल्शियम, २ नायट्रेट.

दुसरं, बहुअणू आयन एकाहून जास्त असेल तर कंस. कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये कंस विसरला तर १ कॅल्शियम, १ ऑक्सिजन, २ हायड्रोजन असं काहीतरी होतं. हवेत २ ऑक्सिजन आणि २ हायड्रोजन. ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये कंस उघडून मोजा: २ ॲल्युमिनियम, ३ सल्फर, १२ ऑक्सिजन. पडताळा: +६ + ३क्ष − २४ = ०, क्ष = +६. सुट्या सल्फेटमध्येही +६ च होता, म्हणजे सूत्र बरोबर.

तिसरं, शेवटी सामाईक अवयवाने भागणं. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये २:२ चं १:१ करणं योग्य. पण सोडियम पेरॉक्साइडचं २:२ किंवा मर्क्युरस क्लोराइडचं २:२ भागायचं नाही. तिथला २ हा जोडीने राहणाऱ्या आयनाचा भाग आहे.


पाचवा_गण

अपूर्णांकाबद्दल कुणीतरी लिहा. मॅग्नेटाइटमध्ये (३ लोह, ४ ऑक्सिजन) लोह +८/३ येतं. इलेक्ट्रॉन तर अर्धा-पाव जात नाही. मग हे उत्तर चूक समजायचं का?


बंधकोन

चूक नाही, ती सरासरी आहे. मॅग्नेटाइटमध्ये दर तीन लोहांमागे एक +२ आणि दोन +३ असतात: २ + ३ + ३ = ८, भागिले ३. रेड लेडमध्येही (३ शिसं, ४ ऑक्सिजन) सरासरी +८/३ च येते, पण आत दोन +२ आणि एक +४. सरासरी सारखी, आतली वाटणी वेगळी. नुसत्या सूत्रावरून वाटणी कळत नाही, रचना बघावी लागते.

सरासरी पूर्णांक आली की ती लपून राहते, हे जास्त धोक्याचं. ब्लीचिंग पावडरमध्ये (१ कॅल्शियम, १ ऑक्सिजन, २ क्लोरिन) क्लोरिनची सरासरी ०. प्रत्यक्षात एक क्लोराइड (−१) आणि एक हायपोक्लोराइट (+१).

थायोसल्फेट घ्या: २ सल्फर, ३ ऑक्सिजन, २−. सरासरी +२. मधला सल्फर तीन ऑक्सिजनना आणि दुसऱ्या सल्फरला बांधलेला. सल्फर-सल्फर एकेरी बंध निम्मा वाटला तर मधला +५ आणि टोकाचा −१. टोकाच्या सल्फरला ऑक्सिजनच्या जागी आलेला मानून +६ आणि −२ असंही काही पुस्तकांत सापडेल. दोन्हींची बेरीज +४ च, म्हणून समीकरणाला काही फरक पडत नाही. मला पहिली वाटणी पटते, कारण आयोडिनसोबतची अभिक्रिया तिने लख्ख समजते. दोन थायोसल्फेट मिळून टेट्राथायोनेट (४ सल्फर, ६ ऑक्सिजन, २−) होतं, त्यात टोकाचे दोन सल्फर +५ आणि मधले दोन ०. म्हणजे −१ चे दोन सल्फर ० वर आले, दोन इलेक्ट्रॉन सुटले, ते एका आयोडिन रेणूने घेतले. सरासरीने केलं तरी तेच: २ वरून २.५, चार सल्फर, एकूण २ इलेक्ट्रॉन.

समीकरण संतुलित करायला सरासरी पुरते. नक्की कोणता अणू बदलला हे सांगायचं असेल तर पुरत नाही.


पाचवा_गण

कार्बनी संयुगांत पण रचनाच बघायची का?


बंधकोन

हो, आणि तिथे नियमांपेक्षा व्याख्या सोपी पडते. एका कार्बनकडे बघा: हायड्रोजनशी प्रत्येक बंधाला −१, ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा हॅलोजनशी प्रत्येक बंधाला +१ (दुहेरी असेल तर +२), कार्बनशी बंधाला ०. बेरीज करा, झालं.

मिथेन −४, मिथेनॉल −२, फॉर्माल्डिहाइड ०, फॉर्मिक आम्ल +२, कार्बन डायऑक्साइड +४. प्रत्येक पायरीला दोन इलेक्ट्रॉन.

इथेनॉलमध्ये मिथिलचा कार्बन −३, ऑक्सिजनवाला −१. इथेनॉइक आम्लात मिथिलचा −३ तसाच, दुसरा +३. म्हणजे इथेनॉलचं आम्ल होताना चार इलेक्ट्रॉन जातात, आणि ते सगळे एकाच कार्बनवरून. आम्ल माध्यमात एक डायक्रोमेट सहा इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून प्रमाण २ डायक्रोमेटला ३ इथेनॉल.


आवर्त_सातवा

माझं मत थोडं वेगळं आहे. सुरुवातीलाच रचना आणि विद्युतऋणता आणली तर नवखा माणूस बुजतो. पाउलिंग मापश्रेणीवर नायट्रोजन ३.०४ आणि क्लोरिन ३.१६ आहे; त्यावरून नायट्रोजन ट्रायक्लोराइडमध्ये क्लोरिन −१ यायला हवा. पण त्याचं पाण्याने अपघटन केलं की अमोनिया आणि हायपोक्लोरस आम्ल मिळतं, म्हणून तिथे नायट्रोजन −३ आणि क्लोरिन +१ धरणं अभिक्रियेशी जुळतं. आकडे इतके जवळ असले की विद्युतऋणता आंधळेपणाने वापरता येत नाही. अग्रक्रमाचे सात नियम आधी पक्के व्हावेत.


निळी_ज्योत

@आवर्त_सातवा, उदाहरण चपखल आहे. तरी व्याख्या आधी सांगावी असंच मला वाटतं, कारण नियम व्याख्येतून निघतात आणि नियम फसला की परतायला व्याख्याच उरते. सरावाला मात्र नियमच हवेत, याबद्दल दुमत नाही.

आता समीकरणांकडे वळू या. ऑ.सं.चा खरा उपयोग तिथेच.


अनुमापक

प्रभाराचा ताळा न केल्याने होणारी चूक आधी बघा: तांबं + सिल्व्हर आयन → कॉपर आयन + चांदी. अणू डावी-उजवीकडे सारखे. पण प्रभार डावीकडे १+, उजवीकडे २+. समीकरण असंतुलित आहे. तांबं ० वरून +२, दोन इलेक्ट्रॉन देतं. सिल्व्हर एक घेतो. म्हणून दोन सिल्व्हर आयन लागतात.

आम्ल माध्यमातल्या अर्धअभिक्रियेचा (इलेक्ट्रॉन घेणारी किंवा देणारी एकच बाजू वेगळी लिहिण्याचा) क्रम डायक्रोमेटवर दाखवतो. आधी बदलणारा अणू जुळवा: डायक्रोमेट १ → क्रोमियम ३+ आयन २. (इथेच एक क्रोमियम लिहून पुढे तीन इलेक्ट्रॉन धरले जातात आणि सगळं निम्म्यावर येतं.) मग ऑक्सिजनसाठी उजवीकडे पाणी ७. मग हायड्रोजनसाठी डावीकडे हायड्रोजन आयन १४. शेवटी प्रभार: डावीकडे −२ + १४ = +१२, उजवीकडे +६, म्हणून डावीकडे इलेक्ट्रॉन ६. आता ऑ.सं.ने स्वतंत्र ताळा: दोन क्रोमियम, प्रत्येकी +६ वरून +३, एकूण ६. दोन्ही रस्ते एकाच आकड्यावर आले तरच पुढे जा.

माध्यम उदासीन किंवा अल्कली असेल तर आधी आम्लासारखंच करा, मग जितके हायड्रोजन आयन तितके हायड्रॉक्साइड दोन्ही बाजूंना मिळवा. परमँगनेट १ + हायड्रोजन आयन ४ + इलेक्ट्रॉन ३ → मँगनीज डायऑक्साइड १ + पाणी २, याचं होतं: परमँगनेट १ + पाणी २ + इलेक्ट्रॉन ३ → मँगनीज डायऑक्साइड १ + हायड्रॉक्साइड ४. सल्फाइटसोबत जोडलं की परमँगनेट २ + सल्फाइट ३ + पाणी १ → मँगनीज डायऑक्साइड २ + सल्फेट ३ + हायड्रॉक्साइड २. प्रभार दोन्हीकडे ८−.


बंधकोन

यात एक भर घालतो. अणू आणि प्रभार दोन्ही जुळूनही समीकरण चूक असू शकतं. आम्ल माध्यमात परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड:

परमँगनेट २ + पेरॉक्साइड ५ + हायड्रोजन आयन ६ → मँगनीज २+ आयन २ + ऑक्सिजन रेणू ५ + पाणी ८

परमँगनेट २ + पेरॉक्साइड ३ + हायड्रोजन आयन ६ → मँगनीज २+ आयन २ + ऑक्सिजन रेणू ४ + पाणी ६

मोजून बघा, दोन्ही जुळतात. पण दुसऱ्यात पेरॉक्साइड तीनच आहेत, त्यातून ऑक्सिजनचे तीनच रेणू निघू शकतात. चौथा कुठून आला? −२ ऑ.सं.च्या ऑक्सिजनमधून, म्हणजे परमँगनेटच्या ऑक्सिजनमधून, असं ते समीकरण गुपचूप गृहीत धरतं. तसं घडत नाही. वायू पेरॉक्साइडमधूनच येतो. दोन मँगनीज मिळून १० इलेक्ट्रॉन घेतात, एक पेरॉक्साइड २ देतं, म्हणून पाचच. कोणत्या अणूची ऑ.सं. कुठून कुठे गेली हे आधी ठरवल्याशिवाय नुसत्या बीजगणिताने असं समीकरण सोडवू नये.


काठावरचा_प्रश्न

परमँगनेटच्या अनुमापनात (ज्ञात द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्याचं प्रमाण मोजताना) तपकिरी गढूळपणा आला की उत्तर जास्त येतं. त्याचा संबंध ऑ.सं.शीच ना?


अनुमापक

थेट संबंध. पुरेशा आम्लात मँगनीज +७ वरून +२ वर जातं, ५ इलेक्ट्रॉन. आम्ल कमी पडलं तर +४ वर, मँगनीज डायऑक्साइडवर थांबतं, ३ इलेक्ट्रॉन. तोच तपकिरी गाळ.

आकड्यांत बघा. ०.१ मोलर फेरस (लोह +२) द्रावण २५ मिली, म्हणजे २.५ मिलिमोल इलेक्ट्रॉन द्यायचे आहेत. ०.०२ मोलर परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेत असेल तर बरोबर २५ मिली लागेल. सगळं +४ वर थांबलं तर ४१.७ मिली. प्रत्यक्षात थोडाच भाग थांबतो, म्हणून वाचन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी भरकटतं आणि दर खेपेला वेगळं येतं.

उपाय: फ्लास्कमध्ये आधीच सुमारे १ मोलर सल्फ्युरिक आम्ल त्याच आकारमानाचं घाला. हायड्रोक्लोरिक नको, परमँगनेट क्लोराइडला −१ वरून ० वर नेतं आणि वाचन वाढतं. नायट्रिक नको, ते स्वतःच फेरसचं ऑक्सिडीकरण करतं आणि वाचन घटतं. फेरस अमोनियम सल्फेटचं ०.१ मोलर द्रावण २५० मिली करायला ९.८० ग्रॅम क्षार लागतो, तो विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवा. साध्या पाण्यात ठेवला तर हवेने +२ चं +३ होत राहतं.

ऑक्झॅलिक आम्लासोबत प्रमाण २ परमँगनेटला ५ (कार्बन +३ वरून +४, रेणूत दोन कार्बन, म्हणून २ इलेक्ट्रॉन). द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअस ठेवा. पहिल्या थेंबांचा रंग हळू जातो. मँगनीज २+ आयन तयार झाला की तोच उत्प्रेरक होतो आणि वेग वाढतो. तो येईपर्यंत भराभर थेंब सोडले तर इथेही तपकिरी गाळ होतो.

हेच सममूल्य वस्तुमानाचं (एक मोल इलेक्ट्रॉनांमागे किती ग्रॅम पदार्थ): पोटॅशियम परमँगनेट १५८, आम्लात ३१.६, उदासीन माध्यमात ५२.७, तीव्र अल्कलीत मँगनेटवर थांबलं तर १५८. बाटलीवर नुसती नॉर्मलता (लिटरमागे किती सममूल्य) लिहून माध्यम लिहिलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही.


पाचवा_गण

शेवटचं एक. ऑक्सिजन जोडला गेला की ऑक्सिडीकरण, असं सरसकट म्हणता येईल?


दोन_क्षार

नाही. क्रोमेटचं (१ क्रोमियम, ४ ऑक्सिजन) पिवळं द्रावण आम्ल घालून नारिंगी होतं, डायक्रोमेट बनतं. रंग बदलला, ऑक्सिजनचं प्रमाण बदललं, पण क्रोमियम दोन्हीकडे +६. अल्कली घातली की परत पिवळं. रेडॉक्स नाही. सल्फर डायऑक्साइड पाण्यात जाऊन सल्फ्युरस आम्ल होतं तेव्हाही सल्फर +४ वरच राहतो.

उलट क्लोरिन थंड, विरल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सोडला तर एकच मूलद्रव्य दोन्हीकडे जातं: ० वरून −१ (क्लोराइड) आणि +१ (हायपोक्लोराइट). गरम, संहत द्रावणात −१ आणि +५ (क्लोरेट). पाच क्लोराइडला एक क्लोरेट हे प्रमाण इलेक्ट्रॉनांच्या हिशेबातूनच येतं.


निळी_ज्योत

याच्या उलट दिशेचं उदाहरण अमोनियम नायट्रेट. त्यात २ नायट्रोजन, ४ हायड्रोजन, ३ ऑक्सिजन. सरळ नियम लावला तर नायट्रोजन +१, पण ही सरासरी आहे. आयन वेगळे करा: अमोनियममधला −३, नायट्रेटमधला +५. तापवल्यावर नायट्रस ऑक्साइड आणि पाणी मिळतं, आणि नायट्रस ऑक्साइडमध्ये नायट्रोजनची सरासरी +१. एकाने चार इलेक्ट्रॉन दिले, दुसऱ्याने चार घेतले. त्यामुळे सुरुवातीची सरासरी आणि शेवटची सरासरी सारखीच आहे, आणि नुसती सरासरी बघणाऱ्याला इथे काहीच घडलं नाही असं वाटेल.